सदतीसच्या वाटेवरची मेंढी

प्रिय हिस्केताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते आधी कानाशी धरून हलवलं असणार. हलवलंस ना? आत काही नाही. मागच्या वेळी बेडूक होता हे मला मान्य आहे, पण तो रबराचा होता आणि मी चौदा वर्षांचा होतो. या वेळी नुसता कागद आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. शुद्धलेखन तपासू नकोस. शाळेनंच शेवटी माझं तपासायचं सोडून दिलं होतं, तू कशाला त्रास घेतेस.

आधी कामाचं सांगतो. आपल्या गावच्या मंडळाचं एक पत्र तुला तिकडे बर्गनला पोचलं असेल, नाहीतर दोनचार दिवसांत पोचेल. तुझा भाऊ बाउके जिथे गेला, तिथे लाकडी पाटीऐवजी पक्का दगड बसवायचा ठरलंय. त्यावर कोरायची ओळ त्यांनी लिहून पाठवलीय आणि खाली तुझी सही मागितलीय, कारण तुझे बाबा बैठकीत म्हणाले, "हिस्के हो म्हणाली की माझंही हो." पंधरा जूनला दगडवाला छिन्नी हातात घेणार. माझं म्हणणं एवढंच की हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. आणि मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस. तू गोष्टीच्या पुस्तकांचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग मला आणि बाउकेला सगळं सांगून टाकायचीस, ते मी विसरलेलो नाही.

तर, मला शिक्षा झालीय. तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं असेल, पण ते सगळं गोड करून सांगतात. झालं असं. सायकलवाल्यांचे ते नंबरचे खांब माहितीयत ना, प्रत्येक फाट्यावर एक, वर त्या फाट्याचा नंबर आणि खाली बाण, इकडे गेलात तर ३७, तिकडे गेलात तर ४१. लोक घरून निघताना चिठ्ठीवर नंबर लिहून हँडलला चिकटवतात आणि दिवसभर एक नंबर ते पुढचा नंबर असे जातात. आजूबाजूला काय आहे ते बघतच नाहीत, फक्त नंबर बघतात. मी मार्चमध्ये दोन खांबांवरच्या बाणांच्या पाट्या अदलाबदल केल्या. चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम. त्याच शनिवारी लेवार्डनहून निवृत्त लोकांची एक सायकल मंडळी आली, बावीस जण, सगळ्यांची जाकिटं पिवळी. ते आपल्या गावाभोवती तीन चकरा मारून गेले. तिन्ही वेळा चौकातल्या जुन्या पाण्याच्या पंपापाशी थांबले, तिन्ही वेळा फोटो काढले. मी बाकावर बसून बघत होतो. तिसऱ्या वेळी एक आजोबा बायकोला म्हणाले, "कमाल आहे, या गावातही तसाच पंप आहे!" आणि ती म्हणाली, "पण पहिल्या गावातला जास्त छान राखला होता." चर्चचं घड्याळ, दुकानं, मी स्वतः, सगळं तीनदा समोरून गेलं. कुणाला शंका नाही. नंबर बरोबर आहे म्हणजे आपण बरोबर आहोत.

पकडला गेलो ते हसल्यामुळे. नगरपालिकेतल्या बाईंनी विचारलं, "का केलंस?" मी म्हटलं, "मजा म्हणून." त्यांनी तेच लिहून घेतलं. शिक्षा अशी की साठ तास त्या खांबांचीच देखभाल करायची. आणि ज्यांच्या हाताखाली करायची त्या कोण, तर सीत्स्के मावशी. हो, तीच, पोहायच्या तलावावरची. आपल्या गावातलं एकही पोर असं नाही ज्याला तिनं कपड्यांसकट पोहायला शिकवताना बूट, पँट आणि जाकीट घालून पाण्यात ढकललं नाही. आता ती रिटायर झालीय आणि ३० ते ४८ नंबरचे खांब तिच्याकडे आहेत. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तू तो. तलावात जेली ओतणारा." मी म्हटलं, "मावशी, ती सेट झाली नव्हती." ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते, तुला कुठलंच काम नीट येत नाही. बादली घे."

काम सोपं आहे. सायकलच्या एका पिशवीत साबणाचं पाणी आणि फडकं, दुसऱ्या पिशवीत जादा पाट्या आणि पाना. खांब पुसायचा, वेल आला असेल तर कापायचा, स्क्रू आवळायचे, वहीत टिक करायची. पण यंदा वर आणखी एक काम निघालं. नव्या नकाशात वाटेवरची सगळी स्मारकं टाकायचीयत. आपल्या भागात किती आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. मावशीला वाटलं सात असतील. आत्तापर्यंत बत्तीस सापडलीयत. गवतात, गोठ्यामागे, एक तर बसस्टॉपच्या पाठीला चिकटून, त्यावर कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती. मावशीचा तक्ता आहे, पाच रकाने. नंबर कुठला ते कुठला, उंची किती, दगडावर काय लिहिलंय, दगड कुणी बसवला, आणि शेवटचा रकाना, शेजारच्या घरात काय सांगतात. शेवटचा रकाना भरल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. घरात कुणी नसेल तर दुसऱ्या दिवशी परत. मी टेप धरतो, ती दार वाजवते. मग कॉफी आणि एक बिस्कीट. एकच. डबा बंद झाला की समजायचं, आता गोष्ट सुरू होणार.

ताई, या शेवटच्या रकान्यात जी धमाल आहे ना! ३३ आणि ३४ च्या मध्ये, जिथे आता पूल आहे, तिथे जुन्या नावाड्याचा दगड आहे. त्यावर लिहिलंय, चाळीस वर्षं नाव चालवली, एकही माणूस बुडू दिला नाही. शेजारची बाई म्हणते, "दोन बुडाले. पण ते पलीकडच्या गावचे होते." मावशीनं विचारलं, "दगड कुणी बसवला?" बाई म्हणाली, "त्याच्या जावयानं. जावयाला पुलाचं काम हवं होतं." ३९ जवळ गवताळ शेतात लढाईत पडलेल्या विमानाचा एक वाकडा पंखा उभा केलाय, खाली चार कॅनेडियन पोरांची नावं. मला वाटलं इथं तरी गोष्ट सरळ असेल. घरातली म्हातारी म्हणाली की तिच्या आईनं त्यातल्या एकाचे बूट काढून घेतले होते, चांगले होते म्हणून, आणि तिच्या बापानं ते लढाई संपेपर्यंत घातले. मग दर मेमध्ये फुलं कोण ठेवतं, तर हीच. "बुटांचं कुणीतरी देणं लागतंच ना," म्हणाली. मावशीनं शब्दन् शब्द लिहून घेतला. मी म्हटलं, "मावशी, नकाशात असलं कुठे छापणार?" ती म्हणाली, "छापणार नाहीत. पण विचारलं नाही असं कुणी म्हणायला नको."

बेकरीसमोर फुटपाथमध्ये तीन पितळी चौकोन आहेत, तिथून आपण रोज ब्रेड घेऊन गेलोय, मी कधी खाली बघितलं नव्हतं. त्यांवर लढाईत पकडून नेलेल्या एका ज्यू कुटुंबाची नावं, आई, बाप आणि एक मुलगी, वय अकरा, कुठे नेलं आणि कधी मेली. मावशी गुडघे टेकून ते घासत होती. मला एक विनोद सुचला होता, तो सोडून मी दुसरं फडकं घेतलं. बेकरीवाला बाहेर येऊन म्हणाला, "शेवटच्या रकान्यात काय लिहिणार? माझ्या आजोबांनी हे दुकान त्यांच्याकडून स्वस्तात घेतलं. लिहा." मावशीनं लिहिलं. त्यानं आम्हाला साखरेचा पाव दिला, आणि आम्ही दोघांनी तो खाल्ला नाही, का ते सांगता येणार नाही. घरी नेऊन मी कुत्र्याला घातला.

जाताजाता मी मावशीला एकदा म्हटलं, "सगळे दगड खोटं बोलतात." ती म्हणाली, "दगड काय बोलणार. ज्यानं बसवला तो बोलतो. म्हणून तर चौथा रकाना आहे."

आता तू विचारशील, एवढं फिरलास, मग ३६ ते ३७, बाउकेच्या जागी, कधी गेलास? नाही गेलो. आठ आठवड्यांत त्या तुकड्याची पाळी चार वेळा आली. पहिल्या वेळी माझं टायर पंक्चर झालं. दुसऱ्या वेळीही झालं. तिसऱ्या वेळी पोटात दुखलं. चौथ्या वेळी परत पंक्चर, तर मावशीनं ट्यूब पाण्याच्या बादलीत बुडवून बघितली आणि म्हणाली, "हे भोक आतून बाहेर पडलंय का बाहेरून आत?" तिनं पिशवीतून दुसरी ट्यूब काढून माझ्या हातात दिली. पाच वर्षांत मी त्या वाटेनं गेलेलो नाही. शाळेला जाताना गावाला वळसा घालून जायचो, कामावर जातानाही. आणि पाट्या ज्या मी बदलल्या त्यातली एक ३६ वरचीच होती. सायकलवाले त्या वाटेवर बाउकेच्या पाटीजवळच्या लाकडी मेंढीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात, ते मला माझ्या फोनवर दिसायचं, कुणी ना कुणी टाकायचंच. मला वाटलं, दुसरीकडे वळवू. पंपाबरोबर काढा म्हटलं फोटो. नगरपालिकेतल्या बाईंना हे सांगितलं नाही. "मजा म्हणून" एवढं पुरेसं होतं.

तर मागच्या मंगळवारी आम्ही गेलो. ट्यूब नवी, पोट ठीक, वारा मागून. लाकडी मेंढी चांगली राखलीय गं, तुझे बाबा दर वसंतात रंगवतात. पांढरं अंग, काळं तोंड, आणि पाटीवर तेच, "बाउके, वय १५, मेंढी वाचवताना." बाजूला बाबांनी फळ्यांचा बाक केलाय. तुला कदाचित माहीत नसेल, ते दर रविवारी थर्मास घेऊन दहा ते बारा तिथं बसतात आणि जो सायकलवाला थांबेल त्याला सांगतात, "पाठीवर उलटी पडलेली मेंढी आपली आपण उठत नाही, मरते. माझ्या पोराला ती सोडून जाणं कधी जमलं नाही." लोक टोप्या काढतात. आणि तो फेद्दे, वळणावरचा शेतकरी, तो गेली पाच वर्षं सांगतो की ती मेंढी त्याचीच, कानात पिवळ्या बिल्ल्याची, कुंपण तोडून फिरायची. दर मार्चमध्ये तिचं नवं कोकरू तो बाबांना दाखवायला नेतो. बाबा त्याला बाटलीनं दूध पाजतात. मी एकदा खिडकीतून बघितलं होतं. मंडळाच्या लोकांनी आता दगडाशेजारी कांशाची मेंढी बसवायचं ठरवलंय, पोरांना वर बसता येईल अशी.

मी टेप धरला. उंची ऐंशी सेंटिमीटर. मावशीनं सगळं लिहिलं. मध्येच म्हणाली, "कपड्यांसकट पोहायचं सर्टिफिकेट मीच दिलं होतं त्याला. पहिल्या झटक्यात पास झाला होता." मी म्हटलं, "पाणी दोन डिग्री होतं, मावशी." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. तरी मी दर वेळी मनात मोजते, काठ किती हातांवर होता." मग शेवटचा रकाना. तिथं जवळचं घर एकच, कालव्यापलीकडे, आन्स्ये म्हातारीचं. मी म्हटलं हे घर सोडूया, इथली गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे. मावशी म्हणाली, "एकतीस घरं विचारली, बत्तिसावं का सोडायचं?" आणि पूल ओलांडून गेलीसुद्धा.

कॉफी आली. बिस्कीट आलं. डबा बंद झाला. आन्स्ये म्हातारी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लिहायलाच पाहिजे का?" मावशी म्हणाली, "विचारायला पाहिजे. लिहायचं मग बघू." म्हातारी म्हणाली, "त्या वर्षी समोरच्या शेतात मका होता. कापलेला, नुसती खुंटं. गवताची काडी नव्हती, मेंढी तिथं काय खायला येणार? त्या आठवड्यात मी बहिणीकडे होते. परत आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. शेतात एकच पांढरी गोष्ट होती, खताचं रिकामं पोतं. खुंटांत अडकून वाऱ्यानं फडफडत होतं. शेवटी मीच जाऊन उचललं. त्याच्या बापाला मी काय सांगू, 'रीन्स, ते पोतं होतं' म्हणून? पोराचे डोळे कमजोर असतील, चांगलं मन असेल, बरं आहे की." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू त्याच्याबरोबर असायचास ना रे? चष्मा होता का त्याला?"

चष्मा नव्हता. तुला माहितीय, बाउकेला रस्त्यापलीकडचा बगळा पिल्लू आहे की मोठा ते कळायचं. मी म्हटलं, "नाही, आजी." मावशीनं वही मिटली. ३७ च्या खांबापर्यंत आम्ही गेलो, तिनं फडकं माझ्याकडे फेकलं, मी खांब पुसला. मग ती म्हणाली, "तक्ता पंधरा तारखेला द्यायचाय. एका जागेचा शेवटचा रकाना मी रिकामा ठेवलाय. मी आजवर रिकामा ठेवलेला नाही." एवढंच. नंतर हवामानावर बोललो.

आता ते, ताई. त्या दिवशी आम्ही शाळेतून येत होतो, वारा समोरून, मी पुढे, तो माझ्या मागे डोकं खाली घालून वारा चुकवत. मला शेतात पोतं दिसलं. पोतं आहे हे मला दिसत होतं, त्याच्यावरची हिरवी अक्षरंसुद्धा दिसत होती. मी ओरडलो, "बाउके, मेंढी उलटी पडलीय रे!" आणि जोरात पेडल मारले. कारण तो थांबणार हे मला माहीत होतं. तो थांबला नाही असं कधी झालंच नव्हतं, आपण उशिरा पोचलो तरी, दफ्तर भिजलं तरी. मला एवढंच हवं होतं की त्यानं कालव्यावर टाकलेल्या फळीवरून पलीकडे जावं, चिखल तुडवत पोत्यापर्यंत पोचावं आणि मग मला शिव्या घालत यावं. मी मागे वळून बघितलं नाही. पुढे जाऊन चौकातल्या गाडीवर दोघांसाठी तळलेले बटाटे घेतले. माझे खाल्ले. मग त्याचेही खाल्ले, गार होत होते म्हणून. वाटलं, रुसून दुसऱ्या वाटेनं घरी गेला. फळी ओली होती, कालव्याची कड उभ्या लोखंडी पत्र्याची, धरायला काही नाही, बाकीचं तुला माहीत आहे. संध्याकाळी सगळे विचारत होते, तो तिथं उतरला कशाला? मी म्हटलं, मेंढी उलटी पडली होती. त्याच्यापुरतं ते खरंच होतं, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगतोय. मग गावानं मेंढी शोधली, तिला बिल्ला दिला, कोकरं दिली, आणि आता कांशाची करून देतायत. मी चौदा तारखेच्या रविवारी दहा वाजता बाबांच्या बाकावर जाऊन बसणार आहे आणि त्यांना सांगणार आहे. तुला आधी लिहितोय ते परवानगीसाठी नाही. ते ऐकून घरी जातील तेव्हा तुझा फोन आला तर बरं, म्हणून. आणि ओळीसाठी. "मेंढी वाचवताना" यावर सही करू नकोस. मी मावशीच्या तक्त्यातल्या सगळ्या दगडांच्या ओळी बघितल्या, दगडावर मावेल अशी एक ओळ मला सुचलीय जी कुठल्याही घरात विचारली तरी तीच निघेल: इथं बाउके थांबला होता.

तुझाच,
डुर्क